बुधवारचं द्रावण

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मी तिचं रक्त तपासलं होतं. तिला न सांगता. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचंही तपासलं, त्यालाही न सांगता. आई सोडून घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं. पुढे जे झालं ते त्या एका रविवारी दुपारी मी काय केलं आणि काय करायचं टाळलं, त्यावरून झालं. मला आडून आडून बोलता येत नाही, म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, दोष माझा.

आम्ही घाटकोपरला टेकडीच्या उतारावर बैठ्या चाळीत राहायचो. बाबा पोस्टात होते. मूळचे आम्ही विदर्भातले, बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच पत्रिका, मुहूर्त, नवस सगळं गुंडाळून ठेवलं होतं आणि त्याचा आम्हाला ताठा होता. भावंडं तीन. मी मोठी, मधला भाऊ आणि मग ही बहीण. नळ टेकडीच्या पायथ्याशी होता. भाऊ हंडा घेऊन वर आला की त्या रात्री त्याचे गुडघे आणि कोपरं ठणकायला लागायची. लहानपणापासून त्याला असंच व्हायचं. डोळे अधूनमधून पिवळे दिसायचे. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे कावीळ. मी तर त्याला कामचुकार म्हणायचे. "नळावर जायचं म्हटलं की बरे तुझे पाय दुखतात रे!" असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेन त्याला गणती नाही.

सोळाव्या वर्षी तो गेला. जायच्या चार दिवस आधी मोठ्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. सिकल सेल. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या पुस्तकात तो आजार होता. एका धड्याच्या शेवटी, उदाहरण म्हणून, चार ओळींत. परीक्षेला मी त्यावर पाचपैकी पाच मार्क मिळवले होते आणि घरी येऊन भावाला कामचुकार म्हटलं होतं. डोंबलाचं शिक्षण!

त्या डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मी माझं रक्त तपासून घेतलं. माझ्यातही तो दोष निघाला, पण अर्धा. म्हणजे मला काही होणार नाही, मुलांना मात्र देऊ शकते. आईबाबांमध्येही तो अर्धा असणारच, नाहीतर भावाला पुरा आला कुठून? राहिली बहीण. बाबा म्हणाले, "पोरगं गेलं. आता उरलेल्यांची चिरफाड नको." विषय तिथेच मिटला. मीही मिटू दिला.

शिकून मी स्टेशनजवळच्या एका खासगी लॅबमध्ये लागले. सकाळी लॅब, संध्याकाळी एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना बायॉलॉजी. त्यात दरवर्षी तो धडा यायचा, पेशी प्रथिनं कशी बनवते त्याचा. पोरं पाठ करायची, पण कळायचं नाही कुणाला. मग मी पुस्तक बाजूला ठेवायचे.

"रेशनिंग ऑफिसात मोठं रजिस्टर असतं ना," मी म्हणायचे, "ते ऑफिसच्या बाहेर जातं का कधी? नाही. आपल्याला काय मिळतं? त्यातून उतरवलेला कागद. तो कागद घेऊन दुकानात जायचं. दुकानदार वाचतो आणि हमाल एकेक पोतं आणून ठेवतो. पेशीतही तेच. डीएनए केंद्रकातून हलत नाही. त्याची नक्कल बाहेर येते, तो आरएनए. रायबोसोम ती नक्कल वाचतो, एका वेळी तीन अक्षरं. अक्षरं चारच, पण दर तीन अक्षरांना एक ठरलेलं अमिनो आम्ल. दुसरे छोटे आरएनए ते आम्ल उचलून आणतात, रायबोसोम ते आधीच्याला जोडतो, मग पुढची तीन अक्षरं. अशी माळ पुरी झाली की ती आपोआप दुमडते आणि झालं प्रथिन. रक्तातलं हिमोग्लोबिन असंच बनतं."

मग फळ्यावर मी दोन शब्द लिहायचे. बरोबर तो जीएजी आणि चुकलेला जीयूजी. हिमोग्लोबिनच्या एका माळेत एकशे शेहेचाळीस आम्लं असतात. त्यातलं सहावं आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरांतलं मधलं एक अक्षर मूळ रजिस्टरातच बदललं की तिथे दुसरंच आम्ल येऊन बसतं. बाकी एकशे पंचेचाळीस जिथल्या तिथे. तरी तेवढ्याने ते हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला की एकमेकांना चिकटतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग हाडं ठणकतात. "कॉपी बरोबर, दुकानदार प्रामाणिक, हमाल प्रामाणिक, आणि माल चुकीचा," असं मी म्हणायचे. पोरांना ते वाक्य आवडायचं. भाऊ गेल्याचं मी वर्गात कधी बोलले नाही.

बहिणीचं लग्न आतेभावाशी ठरायला लागलं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला मान. आत्या बोरिवलीला राहायची, तिचा मुलगा तिथेच एका छापखान्यात कामाला होता. आणि नुसत्या मानाची गोष्ट नव्हती, बहिणीचं मनही होतं त्याच्यावर. तो आला की ही उगाच दोनदा वेणी घालायची. मला मात्र झोप लागेना. बाबांमध्ये दोष होता म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीत, आत्यात, असू शकतो. आत्यातून तिच्या मुलात. दोघांपैकी एकात असला तरी बिघडत नाही. दोघांतही असला तर प्रत्येक मुलामागे चारांत एक धोका, भावासारखा.

आत्या आमच्याकडे आली तेव्हा मी सरळ तिलाच सांगितलं. म्हटलं, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासू. आत्या उसळली.

"काहून बाप्पा? पत्रिका फेकून दिली आपण, अन् तू आता रक्ताची पत्रिका काढून रायली का? मायी भाची हाय ते. मले नाही पाह्यचं तिचं रक्त. इतकं शिकवलं तुले ते याच्यासाठी?"

तिच्या बोलण्यात दम होता. आणि शेजारणी दोन दारांत उभ्या होत्या. मुलीचं रक्त तपासलं म्हणजे मुलीत खोट आहे, हे चाळीत पसरायला संध्याकाळ पुरली असती. आई म्हणाली, "तू गप्प बस गं. करायचंच असेल तर गुपचूप कर." मी गप्प बसले. हीच माझी पहिली चूक. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, आणि रक्त मागताना तर नाहीच नाही.

बैठकीचा रविवार उजाडला. आत्या आणि तिचा मुलगा सकाळीच जेवायला आले, संध्याकाळी चार मोठी माणसं जमून बोलणी व्हायची होती. तेव्हा टेकडीवर मलेरियाची साथ होती, महापालिकेची माणसं घरोघर बोटातून रक्त काढून न्यायची. मी म्हटलं, "मीच काढते सगळ्यांचं, लॅबमध्ये बघून टाकते." मलेरियाचं म्हटल्यावर आत्यालाही संशय आला नाही, सगळ्यांनी हसत हसत बोटं पुढे केली. आतेभाऊ म्हणाला, "ताई, हळू हां, मी घाबरतो." बहीण त्याला हसली. मला हवं होतं ते दोघांचं रक्त मी दोन बारक्या बाटल्यांत घेतलं आणि लॅबची किल्ली घेऊन निघाले.

परीक्षा साधी असते. काचेवर रक्ताचा थेंब, त्यात एका द्रावणाचे दोन थेंब, वर पातळ काच, आणि हवा लागू नये म्हणून कडांना मेण. द्रावणाने रक्तातला प्राणवायू ओढला जातो आणि दोष असेल तर पेशी वाकतात. दोनच अटी. द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं, शिळं झालं की त्यात जोर राहत नाही. आणि काच दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची. हे मी नव्या मुलींना शिकवायचे. शिकवायचे काय, ओरडायचे त्यांच्यावर.

लॅब बंद होती. वजनाचा बारीक तराजू डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आणि केबिनला कुलूप. पावडर तोलल्याशिवाय द्रावण बनत नाही. फळीवर उरलेल्या द्रावणाची एक बाटली होती, सैल बुचाची. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, बुधवार.

मी ती बाटली हातात घेऊन उभी राहिले. सोमवारपर्यंत थांबता आलं असतं. बैठक पुढे ढकला म्हटलं असतं तर आकाश कोसळलं नसतं. निदान माझ्या बोटाला सुई टोचून माझं रक्त शेजारी ठेवता आलं असतं. माझ्यात दोष आहे हे मला माहीत होतं, माझ्या पेशी वाकल्या नाहीत तर द्रावण मेलंय हे तिथेच कळलं असतं. दोन मिनिटांचं काम. खरं सांगू? मला कळून घ्यायचंच नव्हतं. बहीण दोनदा वेणी घालायची ते डोळ्यांसमोर होतं. मला निगेटिव्ह हवं होतं, आणि ती बाटली मला ते देणार होती.

तासभर मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पेशी गोल. दोन्ही काचांवर गोल, गुबगुबीत, एकही वाकली नाही. मला रडू आलं, आनंदाने. येताना जिलेबी घेतली. घरी पोचल्यावर आईने नुसतं बघितलं आणि मी मान हलवली. आईने डोळे मिटून हात जोडले, भिंतीवरच्या तसबिरीकडे तोंड करून. संध्याकाळी बोलणी झाली. सोमवारी लॅब उघडल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर त्या दोन काचा पुन्हा न बघता धुवून टाकल्या.

लग्न झालं. पांढऱ्या साडीत बहीण इतकी सुंदर दिसत होती की बाबा मांडवाच्या मागे जाऊन रडले. दीड वर्षाने मुलगा झाला. गोरागोमटा, जावळाचा. मी बोरिवलीला जाऊन त्याला न्हाऊ घालायचे.

तो आठ महिन्यांचा असताना बहीण त्याला कडेवर घेऊन थेट लॅबमध्येच आली.

"ताई, बघ ना गं. रात्रभर रडतोय. बोटं कशी फुगलीयत याची."

दोन्ही हातांची, दोन्ही पायांची बोटं सुजून टम्म झाली होती. तान्ह्या मुलांत हा आजार पहिल्यांदा असाच दिसतो, हे मला माहीत होतं. मी पावडर तोलली, ताजं द्रावण बनवलं. अर्ध्या तासात काच विळ्यांनी भरली. मग मोठ्या इस्पितळात दाखवलं, तिथेही तेच निघालं. पुरा दोष. एक आईकडून, एक बापाकडून.

पुढच्या बुधवारी मी एक बाटलीभर द्रावण बनवून सैल बूच लावून तसंच फळीवर ठेवलं. रविवारी लॅबमध्ये गेले, माझ्या बोटाला सुई टोचली आणि त्यातलं द्रावण घातलं. तासभर बघत बसले. माझ्या पेशी गोल होत्या. मी मलासुद्धा निर्दोष ठरवलं असतं!

मग वर्षं तशीच गेली. पोरगं चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ठणक्याने लोळायला लागलं. थंडी वाजली की ठणका, पाणी कमी प्यायला की ठणका. एकदा रक्त चढवलं, मग दुसऱ्यांदा. मी सुट्टीच्या दिवशी बोरिवलीला जाऊन त्याचे पाय शेकायचे, मूग गिळून. आईला विचारलं, सांगू का तिला? आई म्हणाली, "मशीन चुकलं म्हण आणि सोड." कसलं मशीन? एक काच आणि एक बाटली.

आणि आत्या! ती बहिणीला टोचायची. "आमच्या घरी असं नव्हतं बाप्पा. हे तुमच्याकडून आलं." बहीण तिच्याच सख्ख्या भावाची मुलगी, तरी आमचं आणि तुमचं! मी दोनदा आत्याला बसवून सांगितलं की दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही, अर्धा वाटा तुझ्या मुलाचा आहे. तिने ऐकलं आणि चहा ठेवायला उठली. बहीण मात्र खंगत चालली. एकदा मला म्हणाली, "ताई, माझ्यातच काहीतरी घाण आहे ना गं?" मी म्हटलं, वेडी आहेस का. त्यापुढे जे सांगायला हवं होतं ते न सांगता मी शेकायची पिशवी भरायला उठले.

शेवटी ते बाहेर काढलं एका मुलीने. क्लासमध्ये तोच धडा चालला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मिस, चुकीचं आम्ल जोडतोय हे त्या रायबोसोमला कळत नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला फक्त वाचता येतं. बरोबर की चूक, हे त्याला कुठून कळणार?"

"मग त्याचा काही दोष नाही."

"त्याचा नाही," मी म्हटलं, आणि खडू खाली ठेवला. मुलं बघत होती. मी तब्येतीचं कारण सांगून वर्ग सोडला आणि सरळ बोरिवली गाठली.

बहीण एकटी होती. मुलगा आत झोपला होता, तेव्हा तो पाच वर्षांचा. दुसरं मूल झालं नव्हतं. तिने दुसरं होऊच द्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. मलेरियाचं खोटं, बाटली, बुधवार, धुतलेल्या काचा. ती मेथी निवडत होती, ती निवडत राहिली.

"नीट केलं असतंस तर?" तिने विचारलं.

"तर दोघांतही निघालं असतं. मग मी लग्न होऊ दिलं नसतं."

"मी ऐकलं असतं तुझं?"

"मी आरडाओरडा केला असता. मोडलंच असतं."

"म्हणजे हा नसता."

"नसता."

तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या, उठून टाकून आली, हात धुतले. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"किती गं शहाणी तू," ती म्हणाली. "माझं बोट टोचलंस आणि हसत होतीस. मी पण हसत होते. मला विचारायचं तरी होतंस. मी म्हटलं असतं तपास, किंवा म्हटलं असतं नको. माझं होतं ना ते?" मग आतल्या खोलीकडे बघून, "आता मी काय करू? तू चुकलीस म्हणून रडू? तर मग हा झाला म्हणून रडल्यासारखं होतं. ते मला नाही जमणार."

मी तिचा हात धरायला गेले, तिने काढून घेतला.

"एक काम कर," ती म्हणाली. "मला सांगितलंस तसं याला कधी सांगू नकोस. मी मरेन तेव्हासुद्धा नाही. आपण येऊ नये म्हणून कुणी आधी बघत होतं, हे त्याला कळता कामा नये."

मी हो म्हटलं. माफ केलंस का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिनेही कधी तसं म्हटलं नाही. जाणं-येणं राहिलं. ती मला ताई म्हणत राहिली, पण माझ्यासमोर पुन्हा कधी रडली नाही.

दोन वर्षांनी त्याला पुन्हा इस्पितळात ठेवावं लागलं. छातीत कफ भरला होता, ताप उतरत नव्हता. सात वर्षांचा होता, आणि सात वर्षांच्या मुलाला कळू नये तेवढं त्याला कळायचं. शेजारच्या खाटेवर त्याच आजाराची एक मुलगी होती. राउंडवर आलेले डॉक्टर तिच्या आईबापांवर सगळ्यांदेखत डाफरले, "लग्नाआधी रक्त तपासून घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?" ती बाई पदराने तोंड झाकून बसली. डॉक्टर पुढे गेले. बहीण आमच्या खाटेच्या पायथ्याशी उभी होती, चादर नीट करत.

मुलाने माझ्याकडे मान वळवली. ओठ सुकलेले होते.

"मावशी, तू सगळ्यांचं रक्त तपासतेस ना लॅबमध्ये?"

"हो रे."

"मग आईबाबांचं का नाही तपासलंस?"

बहिणीचे हात चादरीवर थांबले. तिने वर बघितलं नाही.

"विसरले रे," मी म्हटलं.

"असं कसं विसरलीस?" तो म्हणाला. रागाने त्याचे डोळे भरून आले, त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि पुढचे तीन दिवस तो माझ्या हातून पाणीसुद्धा प्यायला नाही.